चौदा कॅरेटची वाटी

रविवार पेठ, पुणे
१५ जानेवारी १९६३

मंदाकिनी,

तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

शनिवारी तुझ्या वडिलांच्या तासाला मी उभा राहिलो, बोललो आणि वह्या बाकावरच टाकून वर्गाबाहेर पडलो. सगळा वर्ग माना वळवून बघत होता. तू तेवढी पहिल्या बाकावर सरळ बसलेली, फळ्याकडे तोंड करून. फळ्यावर असं काय होतं? 'सुवर्ण नियंत्रण : हेतू व लाभ'. सरांचं अक्षर देखणं आहे, ते मीही कबूल करतो.

तुला वाटत असेल, यज्ञेश्वर तापट आहे, आठ दिवसांत निवळेल, बी. ए.चं शेवटचं वर्ष असं कोण सोडतं? मी सोडलं. काल प्राचार्यांच्या घरी जाऊन तसं सांगितलं. आईला अजून माहीत नाही. तिला वाटतंय संक्रांतीची सुट्टी चालू आहे.

सर काय म्हणाले ते तू ऐकलंस, तरी मी पुन्हा लिहितो, कारण माझ्या डोक्यातून ते जात नाही. सीमेवरच्या जवानाला रायफल हवी. रायफलला परकीय चलन हवं. ते चलन चोरट्या सोन्यापायी देशाबाहेर चाललंय. तेव्हा लोकांची सोन्याची हौस मोडल्याशिवाय देशाचं संरक्षण व्हायचं नाही, आणि म्हणून आता चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी. इथवर मी वहीत उतरवून घेत होतो. मग कुणी तरी विचारलं, "सर, पण सोनारांचं काय?"

सरांनी खडू खाली ठेवला. "त्यांनी दुसरं काही घडवावं. अशा स्थित्यंतरात थोडा त्रास होतोच."

मागच्या बाकावरून आवाज आला, "यज्ञ्या, आता तोफ घडव!" वर्ग हसला. सरही हसले. तू हसलीस का? मला तुझी पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. बाकी काही नको, एवढंच कळव.

मी म्हणालो, "सर, आमच्या घरात माणसं आहेत. ती ह्या स्थित्यंतरात नेमकी कुठे बसतात?" सर म्हणाले, "वेदपाठक, अर्थशास्त्रात घरं नसतात. क्षेत्रं असतात."

मंदा, नोव्हेंबर आठव. चीनने हल्ला केला तेव्हा तुम्ही मुली ताटं घेऊन संरक्षण निधीसाठी पेठापेठांतून सोनं गोळा करत होता. बायका हातातलं, गळ्यातलं उतरवून देत होत्या. त्यातलं खरं कोणतं आणि मुलाम्याचं कोणतं, हे ठरवायला कॉलेजच्या व्हरांड्यात मांडी घालून कोण बसलं होतं? माझे वडील, आमचे दादा. आपला कसोटीचा दगड घेऊन, फुकट. माझ्या आईने तिची नथ दिली. शेवटी तू स्वतःच्या कानांतल्या कुड्या काढून दादांच्या हातावर ठेवल्यास. "काका, ह्या घासून बघू नका, आजीच्या आहेत." दादांनी घासल्या नाहीत. मी शेजारीच उभा होतो. तुझ्या कानांची ती मोकळी भोकं... जाऊ दे. तो ह्या पत्राचा विषय नाही.

विषय असा, की नोव्हेंबरात दादांचा हात देशाला चालला, आणि जानेवारीत तोच हात गुन्हेगाराचा ठरला. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस बावीस कॅरेटचं काम करतोय. आता केलं तर तुरुंग.

हे सरांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. दाखवच.

यज्ञेश्वर


१७ फेब्रुवारी १९६३

मंदाकिनी,

उत्तर नाही. ठीक. सदाशिव पेठेतून रविवार पेठेत पत्र यायला हिमालय ओलांडावा लागत असेल.

दादांचं सांगतो. रोज सकाळी आंघोळ करून ते पुढच्या खोलीत जातात, ऐरण फडक्याने पुसतात, हातोड्या लावून ठेवतात आणि बसतात. दुपारी उठून जेवतात, पुन्हा जाऊन बसतात. लक्ष्मी रोडचे सराफ, ज्यांचं काम ते वर्षानुवर्षं करतात, त्यांनी गेल्या आठवड्यात चौदा कॅरेटचं काम पाठवलं. दादांनी पुडी न उघडता परत केली. आई म्हणाली, "अहो, घ्यायचं होतंत. चूल त्याच्यावरही पेटते." दादा म्हणाले, "सोन्यात तांबं घालणाऱ्या कारागिराला माझ्या वडिलांनी ह्याच पायरीवरून खाली उतरवलं होतं. आता मी घालू?"

बघ गंमत. काल-परवापर्यंत ज्या भेसळीसाठी लोकांनी सोनारावर जोडा उगारला असता, ती भेसळ आता राष्ट्रकार्य आहे. आणि जो करणार नाही म्हणतो तो मागासलेला.

कॉलेजचं घरी कळलं. आईने दादांकडे बोट दाखवलं, त्यांना तूच सांग म्हणून. दादा म्हणाले, "बरं झालं. घरात एक पदवीधर आणि एक बेकार असण्यापेक्षा दोघं सारखे." मग म्हणाले, "तुला ऐरणीपासून लांब ठेवला तो कशासाठी?" मला खरंच ऐरणीवर काही येत नाही. लहानपणी हातोडीला हात लावला तर दादा बोटांवर मारायचे. "तू पुस्तकं धर." आता पुस्तकंही सुटली.

पण काळजी करू नकोस, म्हणजे करत असलीस तर. मला एका कारखान्यात काम मिळालं आहे. धातूचं काम आहे. कायमचं होईल असं म्हणतात.

तू हसलीस की नाही, ते अजून कळवलं नाहीस.

यज्ञेश्वर


१० मार्च १९६३

मंदाकिनी,

तुझं कार्ड मिळालं. दोन महिन्यांत एक ओळ, तीही उघड्या कार्डावर, पोस्टमनने जिना चढता चढता वाचलेली: "शिवाजीनगरला खडकीच्या कामगारांच्या घोळक्यात आपण सायकलवर दिसलात. आपल्या पगाराची तरतूद संरक्षण खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली होते?"

वा! सरांची मुलगी शोभतेस.

होय. दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. काडतुसांची पितळी नळकांडी तयार होतात तिथे, भट्टीच्या खात्यात. मागच्या पत्रात कारखान्याचं नाव का लिहिलं नाही, असं तू मनात म्हणाली असशील. तू नेमकं हेच विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून.

आता नीट ऐक. नव्या अंदाजपत्रकात संरक्षणाचा खर्च एका वर्षात दुपटीच्या वर गेला. माझा पगार त्यातूनच येतो. खडकीला नवी भरती चालू आहे. माझ्या शेजारी मच्छिंद्र म्हणून हडपसरचा एक जण काम करतो. त्यांच्या घरात आजवर कुणी महिन्याचा पगार पाहिला नव्हता. तो मला म्हणतो, "यज्ञा, माझं लगीन ह्या चिन्यांमुळं जमलं बघ. त्यो डोंगरावर आला आन् हितं मला नोकरी लागली. त्याला बी पत्रिका धाडणार हाय." मी त्याला काय सांगू? त्याच्यासाठी हा खर्च म्हणजे लग्न आहे. आमच्यासाठी ऐरणीवरचं फडकं आहे. सरांसाठी फळ्यावरचा आकडा आहे.

मी कधी म्हणालो, की रायफल नको? चिन्यांना घरी बोलवून चहा पाजा असं म्हणालो? माझं म्हणणं इतकं साधं आहे की एखाद्या प्राध्यापकालाही समजावं. खर्च सगळ्या देशाचा, तर बिल एकट्या आमच्या गल्लीला का? रॉकेल महागलं, ते सगळ्यांना महागलं. आई कुरकुरते आणि भरते. कर वाढला, तो ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे वाढला. पण सोनाराकडून काही टक्के घेतले नाहीत, सोनारच घेतला. तोफ देशाची आणि तिच्या खाली चाक म्हणून आमचे दादा.

आणि तुमचं सोनं कुठे गेलं? तुमच्या कपाटातलं तुमच्या कपाटातच आहे. जुने दागिने घालायला बंदी नाही. फक्त नवं घडवणारा मेला.

पगार तिथून येतो म्हणून मी गप्प बसावं, असं तुला म्हणायचं असेल तर सरांनाही विचार. त्यांचा पगार कुठून येतो?

कारखान्यातलं एक सांगतो, राग सोडून. पितळेची जाड चकती यंत्रात दाबून लांब लांब ओढतात. एकदा ओढली की ती ताठरते. तशीच पुन्हा ओढली तर तडकते. म्हणून दर खेपेला भट्टीत घालून लाल करायची, निववायची, मऊ झाली की मग पुढे. मच्छिंद्र म्हणतो, "पितळ बाईमाणसावानी हाय. लई ताणलं का तटकतं. मधी मधी ऊब द्यावी लागती." मी म्हणालो, "आणि पुरुष?" तर म्हणाला, "त्यो बिडाच्या लोखंडाचा. त्याला ऊब दिली तरी फुटतोच."

त्या शिवाजीनगरच्या गर्दीत तू मला ओळखलंस, हे मात्र खरं.

यज्ञेश्वर


७ एप्रिल १९६३

मंदाकिनीबाई यांस,

आपला साखरपुडा झाल्याचे कळले. नवरदेव दिल्लीस सरकारी अधिकारी असून खर्चाच्या फायली त्यांच्या टेबलावरून जातात, असेही कळले. अभिनंदन. सरकारने आमचा धंदा नेला तेव्हा मी वाद घातला. आता बाकीचे नेत आहे, त्यावर काय वाद घालावा हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते.

आपला,
यज्ञेश्वर वेदपाठक
(क्षेत्र : बाधित)


२ मे १९६३

मंदा,

मागचं पत्र फाडलंस तर बरं. फाडलं नसशील तर फाड.

काल सरांच्या व्याख्यानाला गेलो होतो. पाळीवरून थेट, हाताला तेल तसंच. तू डावीकडे बायकांत बसली होतीस, जांभळ्या काठाच्या साडीत. म्हणजे मी पाहिलं असं नाही, दिसलं.

विषय 'संरक्षण आणि सुवर्ण'. सर चांगले बोलले. आता राग येतो तो ह्याचाच. आकडे न बघता बोलतात, आवाज चढवत नाहीत आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच हे सुचलं होतं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उठलो. "देशाच्या खर्चाचा बोजा..." एवढं म्हणतोय तोच अध्यक्ष म्हणाले, "तरुण मित्रा, प्रश्न विचारा. भाषण आधीच झालं आहे." लोक हसले. ह्या शहरात माणूस मेला तरी आधी त्याच्या मरणातली चूक काढून मग खांदा देतील.

मी विचारलं, "सर, चौदा कॅरेटचा उपदेश करणाऱ्यांच्या घरच्या लग्नात काय असणार आहे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. तू मान खाली घातलीस. आणि सर म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न ह्याच महिन्यात आहे. आमच्या घरून तिच्या गळ्यात जे सोनं पडेल, ते कायद्यातलंच पडेल." टाळ्या! मागचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी उभाच होतो. मला कुणी बस म्हणालं नाही.

मला तुला एकच सांगायचं आहे, की मी तो प्रश्न तुला खाली बघायला लावण्यासाठी विचारला नव्हता.

यज्ञेश्वर


८ मे १९६३

मंदा,

हे पत्र सरांना वाचून दाखव. ह्या खेपेला खरंच दाखव. कायद्यातलंच सोनं, नाही का?

आज दुपारी तुमच्या आई आमच्याकडे आल्या होत्या. रिक्षा नाही, टांगा नाही, चालत. डोक्यावरून पदर घेऊन. मी पाळीवरून येऊन आतल्या खोलीत जेवत होतो. त्यांनी मला पाहिलं नाही. ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

"वेदपाठक, दिल्लीहून सासरची वाटी आली. जुन्या सोन्याची आहे हो, डोळे दिपतील अशी. आता तिच्या शेजारी आमची ओवायची. चौदाची करून बघितली एका ठिकाणी, तर पूजेच्या पळीसारखी लालभडक दिसते. गळ्यात एक वाटी सोन्याची आणि एक तांब्याची, असं जन्मभर हिंडायचं का पोरीने? व्याही काय म्हणतील? माहेरच्यांनी हात आखडला म्हणतील."

मंगळसूत्रात एक वाटी माहेरची, एक सासरची, दोन्ही एका दोऱ्यात. ही रीत कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितली नसावी.

दादा म्हणाले, "वहिनी, बेड्या पडतील मला."

"कोण सांगायला जातंय? एवढीशी वाटी." आणि त्यांनी बोटातलं वेढं काढून ऐरणीवर ठेवलं.

दादांनी ते उचललं. मला दाराच्या फटीतून दिसत होतं. कुणी सांगितलं नसताना त्यांनी कसोटीचा दगड ओढला आणि वेढं त्यावर घासलं. पिवळीधमक रेघ उमटली. दादा त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवून जा. विचार करून सांगतो."

मंदा, जो माणूस चार महिने सराफांची पुडी उघडत नव्हता, तो तुरुंगाचं काम ठेवून जा म्हणाला! बावीस कॅरेटची ती रेघ बघून. त्याला किती भूक लागली असेल त्याचा विचार कर. पोटाची म्हणत नाही मी.

आणि सर टाळ्या घेतात! व्यासपीठावर चौदा, मागच्या दाराने बावीस. पकडले कोण जाणार? दादा. लग्न कुणाचं? तुझं. उपदेश कुणाला? आम्हाला.

मी सरळ सांगतो. शुक्रवारपर्यंत वाट बघतो. सरांनी येऊन दादांसमोर म्हणावं, की हा कायदा तुमच्यासाठी एक आणि आमच्यासाठी एक आहे. नाही तर मी वर्तमानपत्रात सगळं छापून आणतो. मग दिल्लीला काय जायचं ते जाऊ दे.

यज्ञेश्वर


१२ मे १९६३

मंदा,

वर्तमानपत्राकडे काही दिलेलं नाही. देणार नाही. हे आधी लिहितो.

शुक्रवारी दारात तू दिसलीस तेव्हा मला वाटलं सर मागे असतील. तू एकटी होतीस. माझ्याकडे न बघता पायरी चढलीस आणि दादांसमोर चटईवर बसलीस. आई पाणी घेऊन आली.

"काका, आई आली होती ते अण्णांना माहीत नव्हतं. मी काल सांगितलं. दोघांचं बोलणं बंद आहे."

दादा म्हणाले, "अगं, पण सांगितलंस कशाला? मी करून दिली असती."

"म्हणूनच आले. ते वेढं आहे ना? त्याचीच वाटी करा. चौदाची."

दादा ऐरणीकडे बघत म्हणाले, "पोरी, माझ्या हाताने सोन्यात तांबं कधी घातलं नाही मी."

"मग दुसरीकडे देऊ का?"

दादांनी वेढं काढून मुठीत धरलं. तू घाई केली नाहीस. मग ते म्हणाले, "दुसरीकडे नको."

मी मध्ये बोललो, ते बोलायला नको होतं. "बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून आलीस!" असं मी म्हणालो. तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "अण्णांचा नाही. मी स्वतः नोव्हेंबरात दारोदार फिरले. बायकांनी माझ्या ताटात टाकलं. त्यांच्या पोरींची लग्नं नाहीत का ह्या वर्षी?"

मला हा कायदा आजही अन्यायाचाच वाटतो, आणि तरी तुझं म्हणणं खरं आहे.

आणि मग जिन्यावर. तू चपला घालत होतीस, मी विचारलं, "त्या दिवशी वर्गात हसलीस का?"

तू म्हणालीस, "यज्ञा, तुझी सगळी पत्रं मी वाचली. सरकारला विचारलंस, अण्णांना विचारलंस, मी हसले का ते पुन्हा पुन्हा विचारलंस. मला काय विचारलंस?"

आणि गेलीस. गल्लीच्या तोंडापर्यंत वळून बघितलं नाहीस, त्या वर्गातल्यासारखंच.

मंदाकिनी, हे बरं आहे तुझं! मी काय विचारलं नाही? मी कॉलेज सोडलं ते तुला सांगितलं, घरात सांगायच्या आधी. दादांचा हात, आईची नथ, भट्टीतलं पितळ, हे सगळं काय मी अर्थमंत्र्यांना लिहीत होतो? प्रत्येक ओळीत तेच होतं! प्राध्यापकाची मुलगी तू, तुला ओळींच्या मधलं वाचता येत नाही? आणि तुला वाचता येत होतं, तर मग तू एका कार्डावर पगाराचं शीर्ष विचारत बसलीस?

मी ओरडतोय. कागदावरसुद्धा ओरडतोय, मला कळतंय. हे पत्र टाकू की नको, ठरवलेलं नाही.

यज्ञेश्वर


१६ मे १९६३

मंदा,

पत्राबरोबर गुलाबी कागदात वाटी आहे. आई घेऊन येईल. वेढ्यातलं उरलेलं सोनं दुसऱ्या पुडीत आहे, ते तुझ्या आईंना दे.

आता ही वाटी कशी झाली ते ऐक. तुला ऐकावं लागेल, कारण ती गळ्यात तू घालणार आहेस.

परवा दादांनी देवापुढे दिवा लावला, मुशीत वेढं टाकलं आणि वितळल्यावर तांब्याचे तुकडे घातले. घालताना त्यांनी तोंड फिरवलं. रंग बदलला तो मी पाहिला, त्यांनी नाही. मग पत्रा केला आणि वाटीला खोलगट आकार द्यायला बसले. त्यांच्या हाताला माहीत असलेलं सोनं लोण्यासारखं असतं, ठोकत जाल तसं पसरतं. हे तसं नव्हतं. काही घाव पडले आणि कड तडकली. दादांनी ती वितळवून पुन्हा पत्रा केला. पुन्हा तडकली. तिसऱ्यांदा तडकली तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आईला म्हणाले, "बघ. हे मला ओळखत नाही."

मंदा, सगळी पेठ ज्या माणसाच्या हाताचं नाव घ्यायची, तो माणूस एवढ्याशा वाटीपुढे हात टेकून बसला होता. मला त्या क्षणी दिल्लीला जाऊन कुणाची तरी कॉलर धरावीशी वाटली. पण दिल्ली लांब आहे. आणि तो तडकलेला तुकडा माझ्यासमोर होता, आणि मी त्याला ओळखत होतो. तशी तडक मी रोज भट्टीच्या खात्यात बघतो.

मी म्हणालो, "दादा, हे ताठरलंय. मध्ये मध्ये तापवायला हवं. लाल करायचं, पाण्यात निववायचं, मग पुढचे घाव."

"सोनं असं कुणी तापवतं का सारखं?"

"हे सोनं नाही दादा. अर्धं पितळेच्या वळणाचं आहे."

दादांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं. त्यांनी ऐरणीमागची आपली जागा सोडली, बाजूला सरकले आणि फुंकणी स्वतःच्या हातात घेतली. "बस," म्हणाले. "ठोक तू. जाळ मी धरतो."

ज्या हातोडीला हात लावला तर माझ्या बोटांवर मार पडत होता, तिने मी तुझी वाटी ठोकली. दादा जाळ धरत होते आणि दर खेपेला, "लाल झालं का रे? आता?" असं मलाच विचारत होते. तडकली नाही. कड थोडी जाड राहिली आहे, ती माझी. आतून घासून गुळगुळीत केली ते दादांनी.

लोक विचारतील, ही एक वाटी लालसर का. तत्त्व म्हणून सांग, कायदा म्हणून सांग, तुला पटेल ते सांग. घामाने काळवंडेल, तेव्हा दिल्लीतले लोक नाकं मुरडतील. चिंचेने घासलीस तर थोडे दिवस उजळेल, पुन्हा काळी पडेल. वाकणार मात्र नाही. बावीसची वाकते. ही कारखान्याच्या पद्धतीने केली आहे.

सरांना सांग, चौदा कॅरेटबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. खर्च सगळ्यांचा आणि बिल आमच्या गल्लीला, हे चूकच. तुमच्या फळ्यावर घरांनाही एक रकाना ठेवा म्हणावं. दादांनी काल सराफांची पुडी घेतली. मला रोज पाळीवरून आल्यावर ऐरणीपाशी बसवणार आहेत. "शीक म्हणजे मलाही येईल," म्हणाले. ते असं म्हणाले त्याचा मला आनंद झाला की संताप आला, ते मला सांगता येत नाही.

तू विचारलंस, मला काय विचारलंस म्हणून. आता विचारत नाही. वाटी करून दिल्यावर विचारायचं नसतं, एवढी रीत सोनाराच्या मुलाला कळते.

रविवारी मी येणार नाही. कारखान्यात जादा पाळी आहे, मागून घेतली. देशाला काडतुसं हवी आहेत. इकडे अक्षता पडतील तेव्हा मी पितळ भट्टीत घालत असेन. भटजी दोऱ्यात दोन्ही वाट्या ओवतील आणि म्हणतील, ही सासरची, ही माहेरची. तू काही बोलू नकोस. ज्याने ती ठोकली तो तुझ्या माहेरचा कुणीच लागत नाही.

यज्ञेश्वर